प्रेरी बॉइजचा निरोप

व्हर्लिनचा गुडघा बदलायचं ठरलं, तेव्हा येत्या शनिवारचा नाच रद्द झाल्याचं टिलबरी गावच्या रेडिओला कळवायचं काम डेलमारने अंगावर घेतलं. डेलमार गिटार वाजवायचा आणि गायचा. व्हर्लिन हा त्याचा मेहुणा, तो ड्रमवर. लॉइस शनिवारी नाचाला अकॉर्डियन आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवून दोन्ही खाती सांभाळायची. जुनी गाणी आणि कंट्री वाजवणाऱ्या या बँडचं नाव होतं ‘प्रेरी बॉइज’. लॉइस बाईमाणूस असून ‘बॉइज’ का, तर ती येण्याआधीच ड्रमवर नाव रंगवून झालं होतं, आणि रंग चांगल्यातला होता.

डेलमारने फोन केला तेव्हा रेडिओवरचा हार्लन डोनट खात होता आणि मागे डुकरांचे बाजारभाव चालू होते. व्हर्लिनच्या गुडघ्यामुळे शनिवारी वाजवणार नाही, असं डेलमारने सांगितलं. त्यातला शनिवार डुकरांच्या भावात वाहून गेला. दुपारच्या बातम्यांत हार्लनने जड आवाजात जाहीर केलं, की प्रेरी बॉइज आता वाजवणार नाहीत.

संध्याकाळपर्यंत डेलमारच्या स्वयंपाकघरात, वर बटाटे लावून भट्टीत भाजलेल्या खिम्याची तीन भांडी येऊन पडली. टिलबरीत हा पदार्थ मयताच्या घरी जातो. डेलमारची बायको मार्जेन कामावरून आली, तिने भांडी पाहिली आणि कोट न काढताच विचारलं, “कोण गेलं?”

“आम्ही,” डेलमार म्हणाला.

खरं तर तो पहिल्याच भांड्याला खुलासा करणार होता. पण ते भांडं इंगा बाकेचं होतं, आणि तिने बसल्याबसल्या आपल्या लग्नाची गोष्ट काढली. शहरातून येणारा बँड बर्फाच्या वादळात अडकला होता. तेव्हा डेलमार आणि व्हर्लिनने ट्रॅक्टर बाहेर काढून शेडमध्ये जागा केली आणि त्यांना येत असलेली चार गाणी रस्ता मोकळा होईपर्यंत फिरवून फिरवून वाजवली. प्रेरी बॉइजचा जन्म तो. “त्या चार गाण्यांवर आमचा संसार उभा आहे,” इंगा म्हणाली आणि डोळे पुसून निघून गेली. मग दुसरं भांडं घेऊन म्हातारा गुनार आला. जत्रेत वीज गेली तेव्हा एकट्या लॉइसने अकॉर्डियन कसं चालू ठेवलं आणि लोक ट्रॅक्टरच्या दिव्यांत कसे नाचले, ते त्याने सांगितलं. इतक्या वर्षांत गावाने डेलमारला, आवाज जरा कमी ठेवा, यापलीकडे काही ऐकवलं नव्हतं. त्याने खुलासा पुढे ढकलला. म्हटलं, उद्या सांगू.

उद्यापर्यंत महापौरांनी महिनाभरानंतरच्या एका शनिवारी माजी सैनिकांच्या लीजन हॉलमध्ये निरोपाचा नाच ठरवून टाकला होता. व्हर्लिनला ही बातमी इस्पितळात नर्सकडून कळली. त्याने फोन लावला.

“मी निवृत्त झालो म्हणे.”

“हार्लनने घोळ घातला.”

“मग तू निस्तरला का नाहीस?”

“निस्तरणार होतो रे. पण लोक फार चांगलं बोलतायत.”

व्हर्लिनने आवाज खाली आणला. “माझ्याबद्दल काही बोलले?”

“तुझा ताल कधी चुकला नाही, म्हणे.”

“कोण म्हणालं?”

“गुनार.”

“गुनारला ऐकू येत नाही,” व्हर्लिन म्हणाला. मग म्हणाला, “तरी नाचापर्यंत राहू दे.”

लॉइसला मात्र हे मान्य नव्हतं. शनिवारी गावाला फसवून रविवारी ऑर्गनवर कोणत्या तोंडाने बसू, असं तिने विचारलं. शेवटी डेलमारने स्टेजवरून सगळं खरं सांगायचं कबूल केलं.

निरोपाच्या दिवशी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारच्या गावांतूनही लोक आले होते. व्हर्लिन काठी टेकत ड्रममागे बसला. डेलमारने माइक घेतला. “एक खरं सांगायचंय,” तो म्हणाला. “आम्ही बँड बंद करत नाही. करणारही नव्हतो.”

लोकांनी रुमाल काढले. मग कोणीतरी हुंदका दिला. गुनार स्टेजवर चढला आणि त्याने डेलमारच्या खांद्यावर हात ठेवला. “मुलाकडे जमीन सोपवली, तेव्हा मीही असंच बोलत होतो,” तो म्हणाला. “जड जातं. होईल सवय.” डेलमारने हार्लनचं आणि डुकरांचं सगळं पुन्हा समजावून सांगितलं, तसे लोक उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. तो तिसऱ्यांदा तोंड उघडतोय असं पाहून लॉइसने वॉल्ट्झ नाचाची धून सुरू केली.

आणि बँड खरोखरच बंद पडला. हॉलने शनिवार बिंगो नावाच्या आकड्यांच्या खेळाला देऊन टाकला. ठरलेल्या लग्नांनी यंत्रावर गाणी लावणारा एक पोरगा बोलावला. डेलमार हॉलच्या व्यवस्थापकाला भेटायला गेला, तर आजारी गाईशी बोलावं तशा हळुवार आवाजात तो त्याच्याशी बोलला. डेलमारने मग कोणालाच काही सांगितलं नाही. शनिवार आला की तो गॅरेजमध्ये जाऊन त्याच त्या खिळ्यांच्या डब्या इकडून तिकडे ठेवायचा.

अशाच एका शनिवारी व्हर्लिन ड्रम घेऊन आला. डॉक्टरांनी पाय हलवत ठेवायला सांगितलंय, म्हणाला. लॉइस दोघांना खडसावायला आली होती. अकॉर्डियन योगायोगाने गाडीत होतं. उकडत होतं म्हणून गॅरेजचं दार उघडं ठेवलं होतं. दुसऱ्या गाण्याला गुनारची गाडी रस्त्यात हळू झाली, तिसऱ्याला थांबली. त्याने मागून घडीची खुर्ची काढली. मग इंगा नवऱ्याला घेऊन आली, आणि दोघं खडीवरच नाचू लागले. निवृत्तीचा विषय कोणीच काढला नाही. पुढच्या काही शनिवारांत बिंगोला आकडे पुकारणारा तेवढा उरला, आणि मग तोही खुर्ची घेऊन इकडे आला.

एकदा गाण्यांच्या मध्ये डेलमार गुनारजवळ वाकला आणि त्याच्या चांगल्या कानात म्हणाला, “आता तरी पटलं ना, आम्ही बंद केलं नाही ते?”

गुनारने त्याच्याकडे मायेने पाहिलं. “बंद केलंत म्हणून तर दर शनिवारी वाजवायला सवड मिळते,” तो म्हणाला.

डेलमारने गिटारची तार थोडी चढवली आणि पुढचं गाणं धरलं.