बोगद्यातला हिरवा दिवा

त्या रविवारी दुपारी बेकरीवाला बोगद्यातून गाडी घेऊन बाहेर आला, तेव्हा त्याचा चेहरा भट्टीत घालायच्या आधीच्या पावासारखा झाला होता. स्टेशनात गाडी थांबवून तो इंजिनावरून उतरला. उतरला म्हणजे नुसता उठून उभा राहिला, कारण इंजिन जेमतेम त्याच्या गुडघ्याएवढं होतं. मग तो तडक शेडमध्ये गेला.

“आत कुणीतरी आहे,” तो म्हणाला.

शेडमध्ये दातांच्या डॉक्टरीणबाई पुढच्या रविवारचा ड्यूटीचा तक्ता भरत होत्या. आठवडाभर त्या दात काढत आणि रविवारी क्लबच्या सेक्रेटरी म्हणून लोकांना ड्यूट्या लावत. दोन्हीकडे माणसं सारखीच पळ काढतात, असा त्यांचा अनुभव होता.

“कुठं आत?”

“बोगद्यात. मधोमध. पांढरंफटक तोंड, त्याखाली हिरवा दिवा. दिवा हलवला त्यानं.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“काय करणार? हिरवा होता. पुढं आलो.”

छोट्या वाफेच्या गाड्यांचा तो क्लब उद्यानाच्या मागच्या अंगाला होता. वीतभर रुंदीचे रूळ, त्यांवर खऱ्या कोळशानं आणि खऱ्या वाफेनं चालणारी इंजिनं. मागं बुटके डबे, त्यांवर घोड्यावर बसल्यासारखं दोन्हीकडे पाय टाकून बसायचं. सगळं सभासदांनी स्वतःच्या हातानं बनवलेलं. पगार कुणालाच नव्हता, त्यामुळे कुणाला रागावायचीही सोय नव्हती. बोगदाही त्यांनीच केला होता. सिमेंटचे मोठे पाइप एकापुढे एक जोडून वर मातीचा ढिगारा घातलेला. लांबी साठ पावलं, पण मधेच वळण असल्यानं या तोंडातून ते तोंड दिसत नसे. वळणावर हत्यारं ठेवायला एक कोनाडा होता. हत्यारं तिथं कधी ठेवलीच गेली नाहीत.

हल्ली गाडीत बसायला फारसं कुणी येत नव्हतं. आठ माणसं आली तर गर्दी झाली म्हणायची. उद्यानाच्या ऑफिसनं पत्र पाठवलं होतं, की हिवाळ्याअखेर असंच राहिलं तर रूळ उखडून तिथं स्केटिंगची जागा करण्यात येईल. ते पत्र शेडच्या भिंतीवर टाचणीनं लावलं होतं आणि त्याच्याकडे कुणी बघत नसे.

“झोप झाली नसेल तुमची,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बेकरीवाला पहाटे तीनला उठतो, हे सगळ्यांना माहीत होतं.

गाडीचा गार्ड धंद्यानं शिंपी होता. शेवटच्या डब्यावर बसून शिट्टी फुंकायची, एवढंच त्याचं काम. पुढच्या फेरीला त्यानं डोळे फाडफाडून पाहायचं कबूल केलं. फेरी संपली तेव्हा तो गळ्यात अडकवलेली टेप उगीच गुंडाळत आणि उलगडत राहिला.

“खांदा सतरा,” अखेर तो म्हणाला. “बाही चोवीस. जरा पोक आहे, पाठीत अर्धा इंच जास्त सोडावा लागेल.”

“म्हणजे माणूसच आहे ना?”

“माप तर माणसाचंच आहे,” शिंपी म्हणाला. “पण बाई, माणूस आत कशाला बसेल?”

ती सगळी थंडी तशीच होती. भर दुपारी झाडांच्या बुंध्याशी धुकं रेंगाळायचं, आणि गाडी आत गेली की बोगदा तिच्यामागं हळूहळू धूर सोडायचा, जणू आत कुणीतरी शांतपणे श्वास घेतंय. शनिवारी रूळ तपासायला दोघंतिघं एकमेकांचे शर्ट धरून आत गेले. आत कुणीही नव्हतं. फक्त वळणावरचा कोनाडा लख्ख झाडलेला होता. तो आपण झाडला असं एकाही सभासदानं कबूल केलं नाही, आणि या क्लबात न केलेल्या कामाचं श्रेय घेणारे कमी नव्हते.

दुसऱ्या दिवशीपासून सभासदांचे गुडघे दुखायला लागले. एकाचे सासरे आजारी पडले. एकाला अचानक आठवलं, की रविवारी आपण घरी असावं असं बायकोला फार दिवसांपासून वाटतंय. ड्यूटीचा तक्ता पुसल्यासारखा पांढरा झाला. बेकरीवाला तेवढा येत राहिला, पण बोगद्याच्या तोंडाशी पोचला की तो वाफेचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर नजर लावायचा आणि बाहेर येईपर्यंत वर बघायचा नाही. शिंप्यानं वेगळाच मार्ग काढला. गाडी आत शिरायच्या आधी तो शेवटच्या डब्यावरून उतरे, ढिगाऱ्यावरून धावत पलीकडे जाई, आणि गाडी बाहेर आली की पुन्हा आपल्या जागेवर बसे.

आणि मग त्या रिकाम्या जागेवर वस्तू यायला लागल्या.

आधी एक हातमोजा आला. एका मुलीचा तो आधीच्या फेरीत आत पडला होता. पुढच्या फेरीला गाडी बाहेर आली तेव्हा शिंप्याच्या जागेवर तो मोजा बोटं सरळ करून ठेवलेला होता. मग एक छत्री आली, नीट मिटून, बटण लावून. शिंपी त्या दिवसापासून उभ्यानंच प्रवास करू लागला.

बातमी गावभर झाली. तिसऱ्या रविवारी रांग गुलाबाच्या वाफ्यांना वळसा घालून फाटकापर्यंत गेली. लोक आत जाताना हसत जात, मधे एक सामुदायिक किंकाळी ऐकू येई, आणि बाहेर येताना सगळे एकमेकांना बिलगलेले असत. उतरले की लगेच पुन्हा रांगेत उभे राहत. क्लबचे अध्यक्ष घड्याळं दुरुस्त करत असत आणि कशाचीही घाई करत नसत. पण त्या दिवशी रांग पाहून त्यांनी डॉक्टरीणबाईंना घाईनं बाजूला घेतलं.

“हे बघा, आत जे काय आहे त्याला हात लावू नका.”

“अहो, पण आहे काय ते?”

“ते कशाला कळायला हवं? ऑफिसचा साहेब स्वतः रांगेत उभा आहे. चालतंय ते चालू द्या.”

कदाचित ते तसंच चाललंही असतं. पण त्याच दुपारी एक जाडजूड गृहस्थ किंकाळी फोडायला गेले आणि त्यांची वरची कवळी निसटून अंधारात गेली. बाहेर आले ते तोंडावर रुमाल धरूनच. ते काय बोलत होते ते एकट्या डॉक्टरीणबाईंना कळलं, कारण असली भाषा त्या रोज ऐकत.

पुढची फेरी झाली. शिंप्याच्या जागेवर एक छोटी पुडी होती. डॉक्टरीणबाईंनी ती उघडली. आत कवळी होती. नुसती नव्हे, स्वच्छ पुसलेली, आणि पांढऱ्या रुमालात बांधलेली. रुमालाला चार घड्यांची इस्त्री होती.

भोवतालचे लोक दोन पावलं मागं सरले. डॉक्टरीणबाई मात्र त्या रुमालाकडे बघत राहिल्या. दुसऱ्याची कवळी उचलायला माणसाला किती जड जातं, हे त्यांना चांगलं माहीत होतं. त्यांच्या दवाखान्यात पोरं बापाची कवळी चिमट्यानं धरून आणत. आणि इथं कुणीतरी स्वतःचा इस्त्रीचा रुमाल त्यासाठी काढला होता.

“गाडी थांबवा,” त्या म्हणाल्या. “मी चालत जाते.”

“बाई, नका हो,” बेकरीवाला म्हणाला. “निदान हिरवा दिवा दिसेपर्यंत थांबा.”

त्यांनी बॅटरी घेतली आणि कमरेत वाकून आत शिरल्या. दहा पावलांत बाहेरचा आवाज गेला. पाइपाच्या भिंतींवर पाणी चमकत होतं. कोळशाचा आणि तेलाचा वास इतका दाट होता की तो हातानं बाजूला सारावा. लोकांना ‘आ करा, घाबरू नका’ असं त्या वीस वर्षं सांगत आल्या होत्या. आता त्या स्वतः एका भल्यामोठ्या उघड्या तोंडात चालल्या होत्या आणि घाबरू नका म्हणायला शेजारी कुणी नव्हतं. वळणापाशी त्यांना श्वास ऐकू आला. त्यांनी आपला रोखून पाहिला. श्वास चालूच राहिला.

मग अंधारात हिरवा उजेड पेटला आणि त्यावर एक पांढरं तोंड तरंगत वर आलं.

“रुळावरून चालायला मनाई आहे,” ते तोंड म्हणालं. “बाजूनं या.”

डॉक्टरीणबाईंच्या हातातली बॅटरी पडली. पांढऱ्या तोंडानं ती उचलली, पुसली आणि परत दिली. तेव्हा त्यांना दिसलं, की ते तोंड नव्हतं, कान झाकणारी पांढरी लोकरीची टोपी होती, आणि तिच्या आत एका म्हाताऱ्या गृहस्थांचा सावळा चेहरा होता. कोनाड्यात लहानसं स्टूल, मांडीवर शाल, पायाशी झाडू आणि थर्मास.

“तुम्ही कोण?”

“मी? बोगदा-निरीक्षक,” ते आश्चर्यानं म्हणाले. “तुम्हीच नेमलंत ना मला?”

आतल्या खिशातून त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद काढला. क्लबचं पत्र. खाली सही डॉक्टरीणबाईंची, दोन पेशंटांच्या मधे घाईनं केलेली. बाईंना सगळं आठवलं. दीड वर्षापूर्वी ऑफिसनं नियम काढला होता, की बोगद्यात एक माणूस हवा. महिन्याभरात तो नियम रद्दही झाला. तेव्हा नवे सभासद असलेल्या या गृहस्थांना ते कळवायचं होतं. बाईंना वाटलं अध्यक्ष सांगतील. अध्यक्षांना वाटलं शिंपी सांगेल. शिंप्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

“दीड वर्षं? दर रविवारी?”

“दोन रविवार चुकले. ताप होता. रजेचा अर्ज शेडच्या दाराखालून सरकवला होता मी.”

“पण आम्हाला कधी दिसला नाहीत!”

“पत्रात लिहिलंय, पहिल्या गाडीच्या आधी अर्धा तास ते शेवटच्या गाडीनंतर अर्धा तास. माझं घर पलीकडच्या फाटकाशी. मी बाहेर पडतो तोवर तुम्ही गेलेले असता. जुना दिवा मिणमिणता होता, तो दोन-तीन आठवड्यांपूर्वी गेला. हा नवा जरा जास्तच प्रखर आहे. आणि थंडी पडली म्हणून सुनेनं ही टोपी विणली.” ते जरा थांबले. “तेव्हापासून लोक फार ओरडतात, बाई. मला वाटलं, बोगदा आवडतो त्यांना.”

बाईंना हसू आवरेना आणि हसवेनाही. “काका, कंटाळा नाही आला?”

“एकतीस वर्षं हॉस्पिटलात लिफ्ट चालवली. एवढ्याच खोलीत. माणसं यायची, बोलायची, जायची. रिटायर झालो आणि घरात दिवसभर कुणी येईना. इथं दर दहा मिनिटांनी गाडी येते.”

बाई म्हणाल्या, “चला, चहा घ्या आमच्याबरोबर. सगळे वाट बघतायत.”

“ते जमायचं नाही. बदली माणूस येईपर्यंत जागा सोडू नये, असंही लिहिलंय. तुम्हीच लिहिलंय.”

डॉक्टरीणबाई स्टुलावर बसल्या. काकांनी त्यांना शाल दिली, टोपी दिली, दिवा कसा धरायचा ते दाखवलं, आणि वाकून, रुळाच्या बाजूनं, दीड वर्षात पहिल्यांदा स्टेशनकडच्या उजेडाच्या तोंडाकडे चालत गेले. बाहेर एकदम किंकाळी उठली. मग शांतता झाली. मग अध्यक्षांचा आवाज अस्पष्ट ऐकू आला, “अहो, तुम्ही? तुम्ही क्लब सोडला होता ना?”

त्यानंतर बराच वेळ काही झालं नाही. थेंब पडत होते. बाईंना स्वतःचं मनगटावरचं घड्याळ ऐकू येत होतं. वीस वर्षांत त्या इतका वेळ काही न करता बसल्या नव्हत्या. मग पायाखालचे रूळ बारीक गुणगुणायला लागले, आवाज येण्याच्या कितीतरी आधी. वळणावरची ओली भिंत तांबूस झाली. धूर आला, त्यामागून इंजिन, त्यावर खाली मान घातलेला बेकरीवाला, आणि पहिल्या डब्यावर, हातात चहाचा कप सांभाळत, काका.

“दिवा जरा खाली धरा, बाई!” ते जाता जाता म्हणाले. “डोळ्यांवर येतो!”

त्यांच्यामागं माणसंच माणसं होती. हिरव्या उजेडात एकेक तोंड उघडत गेलं. खालची डावी दाढ किडलेली. पुढचा दात तुटका. हिरड्या सुजलेल्या, याला तपासायलाच हवं. ऑफिसचा साहेब, अक्कलदाढ आडवी. बाईंनी दिवा हलवला तशी सगळी तोंडं आणखी मोठी उघडली. कुणाला ‘आ करा’ म्हणावं लागलं नाही. शेवटचा डबा वळणाआड गेला, किंकाळी विरत गेली, आणि अंधार परत येऊन त्यांच्याशेजारी बसला. त्यांना तो ओळखीचा वाटला.

दोन फेऱ्या झाल्यावर शिंपी आला. अध्यक्षांनी त्याला जबरदस्तीनं पाठवलं होतं. कंदील छातीशी धरून, भिंतीला घासत, डोळे जवळजवळ मिटून तो वळणापर्यंत पोचला.

“बाई, तुमचा चहा गार होतोय. काका सगळ्यांना लिफ्टच्या गोष्टी सांगतायत, शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही. मी बसतो इथं, तुम्ही चला.”

“एवढी एक गाडी जाऊ दे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“मागच्या गाडीवरून हाक मारली तेव्हाही तुम्ही हेच म्हणालात म्हणे. बेकरीवाला सांगत होता, आतून आवाज आला.”

बाईंनी बोट ओठांवर ठेवलं आणि रुळाकडे दाखवलं. रूळ गुणगुणायला लागले होते. शिंप्यानं कान दिला. भिंतीवर तांबूस उजेडाची पहिली रेघ उमटली तसा त्याच्या अंगावर काटा आला. तो काटा त्याला नकोसा वाटला नाही. त्यानं थोडा विचार केला आणि कंदील खाली ठेवला.

“जरा सरका,” तो म्हणाला.