सगुणाबाईंच्या सात वारांची बखर

श्री. दुखणाइताच्या उशाशी जो बसतो आणि आपले नाव सांगत नाही, त्या दयावंतास नमन करून हकीकत लिहिली ऐसीजे. शके एकोणीसशे, कालयुक्तनाम संवत्सर, कार्तिक मास. बाजरीची खळी उरकली होती आणि हवेत गारवा आला होता. ते समयी ह्या गावात, म्हणजे आमच्या राज्यात, ख्रिस्ती मंडळींच्या तीन दौलती नांदत होत्या. पहिली टेकडीवरची, तेथे रेव्हरंड शांतवनराव उजागरे पाळकपणाच्या गादीवर होते. दुसरी पेठेतली, तिचा कारभार मंडळीने निवडलेले वडील दाजीबा साळवे पाहत. आणि तिसरी ओढ्याकाठची, तेथे फादर मनवेल यांची सत्ता. तिन्ही दौलतींत वैर नव्हते, आणि येणेजाणेही नव्हते. टेकडीवर येशू म्हणत, ओढ्याकाठी येझू म्हणत, आणि पेठेतले लोक येशूच म्हणत, पण टेकडीवाल्यांपेक्षा मोठ्याने म्हणत. सेवाधर्म तिघांकडेही होता. टेकडीवाले आपल्या आजाऱ्यास पेज नेत, पेठेतले आपल्या विधवेस लुगडे देत, ओढ्याकाठचे आपल्या पोरक्यांस पाटीपेन्सिल देत. आपला कोण आणि परका कोण हे मात्र आधी विचारून घेत.

ह्या राज्यात लोईसबाई वाघचौरे म्हणून टेकडीवरच्या मंडळीतल्या एक वृद्ध बाई होत्या. उपासनेत खिडकीजवळच्या बाकावर त्यांची जागा ठरलेली, आणि गायनात त्यांचा वरचा सूर असा लागे की पेटीवाला आपली चूक त्यात लपवी. त्यांच्या भिंतीला भिंत लागून सगुणाबाईंचे घर. दोघी मिशनच्या बोर्डिंगात एका ताटात जेवलेल्या. पुढे सगुणाबाई अर्धांगवायूने खाटेस खिळल्या. जीभ तेवढी शाबूत राहिली, आणि तिची धार आजाराने अधिकच झाली. पोटी मूल नाही. रोज त्यांस उठवावे, पुसावे, कूस पालटावी, पेज भरवावी, हे सर्व लोईसबाई करीत आल्या होत्या; परंतु त्या सालच्या पावसाळ्यात लोईसबाईंची कंबर धरली, आणि मग एके सकाळी उचलताना दोघीही खाटेवर आडव्या झाल्या.

सगुणाबाई म्हणाल्या, "लोई, ऊठ गं. मला उठवायला आलीस का माझ्याशेजारी निजायला?"

लोईसबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांस पाणी आले, कारण काय होणार ते त्यांस दिसू लागले. सगुणाबाईंचा भाचा प्रभाकर दूरच्या जिल्ह्यात नोकरीस होता. तो येऊन पाहून गेला आणि नम्रपणे बोलला, "लोईसमावशी, तुमचे उपकार फार. पण आता तुमच्याने होत नाही. नाताळापर्यंत काही सोय झाली तर ठीक, नाहीतर मी मावशीला तिकडच्या आश्रमात ठेवतो." आश्रम चांगला होता, ह्यात वाद नाही. परंतु तेथे सगुणाबाईंस 'सगुणे' म्हणणारे कोणी नव्हते. हे दुःख लोईसबाईंच्या मनात घर करून राहिले.

मग त्या सोयीस्तव तिन्ही दरबारी गेल्या. टेकडीवर सांगण्यात आले की सगुणाबाई जन्मल्या इकडे हे खरे, पण लग्न करून पेठेत गेल्या, सबब त्या पेठेच्या. पेठेत दाजीबा बोलिले, "बाई, नवरा वारल्यावर त्या ओढ्याकाठी जाऊ लागल्या. आमच्याकडे त्यांचे नाव कसे राहील?" आणि ओढ्याकाठी फादर मनवेल यांनी चहा पाजून फार गोड शब्दांत सांगितले की त्या मिस्साला, म्हणजे तिकडच्या उपासनेस, येत होत्या खऱ्या, मागे बसून ऐकत होत्या खऱ्या, पण रीतीने दाखल अशा कधी जाहल्या नाहीत. लोईसबाई घरी येऊन म्हणाल्या, "सगुणे, तू तीन देवळांची, म्हणून एकाचीही नाहीस." त्यावर सगुणाबाई म्हणाल्या, "मग मीच एक मंडळी काढते. तू सभासद हो. वर्गणी मात्र वेळेवर दे."

त्याच सुमारास टेकडीवरच्या पाळकसाहेबांच्या मनात आले की तिन्ही दौलतींनी मिळून राज्याची सेवा करावी. हेतू निर्मळ होता. त्यांनी दोन्हीकडे निरोप धाडिला की शनिवारी टेकडीवर यावे, 'आपणा सर्वांस सेवेचा एक दृष्टांत असावा' हीच मसलत आहे. निरोप पोहोचला आणि शब्दाने घोटाळा केला. पाळकसाहेबांच्या मनी दृष्टांत म्हणजे पुढे काय करावे ह्याचे एक चित्र. ओढ्याकाठी फादरांनी दृष्टांत म्हणजे बोधकथा असे समजून एक सुंदर गोष्ट बसवून आणली, तीत एक विहीर होती आणि तीन पोहरे होते. आणि पेठेत तर दाजीबांनी दृष्टांत म्हणजे स्वप्नातला साक्षात्कार समजून उपासनेत जाहीर विचारले की कोणास काही दिसले आहे काय. तेव्हा एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले की स्वप्नात पांढरा बैल दिसला, आणि मग त्या गृहस्थांस नवे धोतर नेसवून मसलतीस आणले गेले.

शनिवारी दरबार भरला. पाळकसाहेब चित्राविषयी बोलिले, फादरांनी विहीर सांगितली, आणि पेठेच्या म्हाताऱ्यांनी बैल सांगितला. मग बैलाचा अर्थ काय ह्यावर बोलणे चालले, त्यातून समितीचे नाव काय असावे हे निघाले, आणि नावात येशू लिहावे की येझू लिहावे येथे येऊन दरबार रुतला. दिवे लागणीस लोईसबाई मागल्या बाकावरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एवढे सगळे थोर बसला आहात, तर सगुणेला उद्या सकाळी कोण उचलणार ते सांगा, म्हणजे मी घरी जाईन."

पाळकसाहेब कळवळून म्हणाले, "लोईसबाई, आधी सर्वांचे एकमत होऊ द्या. मग अशी कामे आपोआप होतील."

लोईसबाई म्हणाल्या, "एकमत होईपर्यंत तिची कूस कोण पालटील?" सभा 'आमेन' म्हणून उठली. मात्र एक गोष्ट ठरली होती, की ह्या साली कापणीचा सण तिघांनी मिळून पेठेच्या पटांगणात करावा.

कापणीच्या सणाची चाल अशी, की घरोघरचे पहिले पीक, फळभाजी, कोंबडी, अंडी, भाकरीची चवड जे काय असेल ते प्रभूपुढे आणावे, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव करावा. लिलाव पुकारण्याचा मान पेठेच्या दानिएलराव ओहोळांचा. त्यांचा आवाज तोफेसारखा आणि जीभ मोकळी. त्या दिवशी तिन्ही दौलतींची माणसे प्रथमच एका जाजमावर बसली, आणि लहान पोरे ओढ्याकाठची कोणती व टेकडीवरची कोणती हे त्यांच्या आयांसही ओळखेना. एक अजस्र भोपळा पुढे आला. दानिएलराव गर्जले, "भोपळा! आत बसून म्हातारी लेकीकडे जाईल एवढा! बोला, एक वार! दोन वार!" लोईसबाई जाजमाच्या कडेस बसल्या होत्या, पण त्यांचे ध्यान घरी खाटेपाशी होते. सोमवारी कसे होईल, मंगळवारी कसे होईल, हाच हिशेब मनात चालला असता कानी 'वार' पडला, आणि त्या भान हरपून बोलून गेल्या, "एक नका देऊ, दानिएलराव, मला सातही वार हवेत!"

पटांगण खदखदून हसले. दाजीबा म्हणाले, "लोईसबाई, हा बोलीचा वार हो! आठवड्याचा नव्हे."

लोईसबाई लाजल्या. पण उभ्या राहिल्या होत्या त्या खाली बसल्या नाहीत. म्हणाल्या, "बोलीचा वार घेऊन मी काय करू, दाजीबा? आपल्या लहानपणी गरिबाची पोरे वार लावून जेवत होती की नाही? आज ह्या घरी सोमवार, उद्या त्या घरी मंगळवार. एका घरावर ओझे नाही, आणि पोर शिकून शहाणे होई. मला सगुणेसाठी तसे वार लावून द्या. एकाने जन्मभर करावे असे मी मागत नाही. एका घराने एक वार करावा."

हसणे थांबले. दानिएलरावांनी भोपळा खाली ठेविला, घसा खाकरला, आणि जणू खिल्लारी बैलाची जोडी पुकारावी तसे पुकारले, "सोमवार! सकाळ-संध्याकाळचा, ताजा सोमवार! बोला, कोण घेतो?"

मग ओढ्याकाठच्या कोंबडीवाल्या रेबेकाबाई पदर खोचून म्हणाल्या, "सोमवार माझा. पण म्हातारीने माझ्या चहाला नावे ठेवायची नाहीत."

लोईसबाई म्हणाल्या, "ते मी कबूल करू शकत नाही." पुन्हा हशा झाला आणि गाठ सुटली. मंगळवारावर टेकडीच्या दोन जावांचे भांडण लागले, ते एकीस बुधवार देऊन मिटविले. गुरुवार दानिएलरावांनी आपणच आपणास पुकारून घेतला. ज्यांस बैल दिसला होता ते म्हातारे शुक्रवारी नातसुनेस घेऊन येतो म्हणाले, आणि शनिवार पेठेच्या तरुण मंडळाने घेतला. मग दानिएलराव उत्साहाने गर्जले, "आणि आता राजा वार, रविवार! बोला!"

जो तो आपापल्या पुढाऱ्याकडे पाहू लागला. तिन्ही दौलतींची उपासना रविवारी सकाळी एकाच घटकेस होत असे, आणि उपासना टाळावी कोणी? पाळकसाहेब हळू म्हणाले, "रविवार प्रभूचा आहे, बाई."

"मग प्रभूला निरोप कोण देणार, उचलायला ये म्हणून?" लोईसबाई म्हणाल्या. आणि कोणी काही बोलण्याआधीच पुढे म्हणाल्या, "असू द्या. रविवार मी घेते. बाकावरची माझी जागा कोणाला तरी द्या." हे त्या सहज बोलिल्या, परंतु खाली बसताना जाजम धरून बसल्या, कारण आठवडाभराच्या कष्टांवर तो एक तासच त्यांचा विसावा होता, हे टेकडीवरच्या प्रत्येकास ठाऊक होते.

पुढल्या रविवारी पाळकसाहेब सकाळी एकटेच सगुणाबाईंच्या घरी गेले. मनाशी म्हणाले, उपासनेपूर्वी आपणच हे काम उरकावे, म्हणजे लोईसबाईंचा बाक सुटणार नाही. अंगातला कोट काढला, बाह्या सारल्या, आणि सगुणाबाईंस काखेत धरून ओढू लागले.

"साहेब, साहेब! मी बाजरीचे पोते नव्हे," सगुणाबाई ओरडल्या. "दोघांचे काम आहे हे. एकाने पाठ धरावी, एकाने पाय."

लोईसबाई कंबर धरून भिंतीपलीकडून आल्या. एकीकडे पाळकसाहेब, एकीकडे त्या, असे करून सगुणाबाईंस बसविले, पुसले, लुगडे पालटले, आणि ह्या सगळ्यात टेकडीवर उपासनेची वेळ टळून गेली. मंडळी बसून राहिली. पाळकसाहेब ओल्या बाह्यांनी धावत पोहोचले, आणि त्या दिवशी त्यांनी लिहून आणलेला उपदेश केला नाही. घडले ते सांगितले, आणि म्हणाले की प्रभूच्या दारी तिघे एकाच घटकेस जातो, म्हणून एका बाईच्या दारी जावयास राज्यात माणूस उरत नाही, तरी आपली वेळ आपण हलवावी.

त्यावर टेकडीवर मोठी खळबळ झाली. वृद्ध म्हणाले, ही वेळ जुन्या मिशनरी साहेबाने नेमून दिली. तरुण म्हणाले, साहेब गेला तेव्हा घड्याळही घेऊन गेला. शेवटी फादर मनवेल यांचाच निरोप आला की ओढ्याकाठची मिस्सा यापुढे सांजेस होईल. मग दाजीबांनी पेठेची उपासना सूर्योदयास नेली. आणि टेकडीने आपली सकाळ थोडी पुढे सारली. तह जाहला. समितीच्या नावाचे कलम तेवढे तसेच राहिले, ते आजतागायत राहिलेच आहे. परंतु नाताळास प्रभाकर मावशीस न्यावयास आला, तेव्हा दारात रेबेकाबाई उभ्या होत्या आणि म्हणाल्या, "सोमवार आहे, माझा वार आहे. उद्या या, उद्याचे मी सांगू शकत नाही." तो हसला, मावशीच्या पाया पडला आणि एकटाच परत गेला.

तत्पूर्वी, ह्या नव्या रीतीच्या पहिल्या रविवारी ओढ्याकाठचे लोक सकाळी मोकळे होते, ते सगुणाबाईंचे उचलणे-पुसणे करावयास आले. आणि लोईसबाई टेकडीवर जावयास निघाल्या. तोवर राज्याच्या तिन्ही घंटा नेहमी एकदम वाजत आल्या होत्या, एकीच्या नादात दुसरी बुडत होती. आज टेकडीची घंटा एकटीच वाजली, आणि तिचा आवाज खाटेपर्यंत स्वच्छ आला. सगुणाबाईंनी कान देऊन ऐकिले.

"लोई, ही आपली घंटा गं?"

"आपलीच की."

"अगं बाई! फुटकी आहे!" सगुणाबाई म्हणाल्या, आणि दोघी म्हाताऱ्या इतक्या हसल्या की लोईसबाईंस उपासनेस उशीर जाहला.

येणेप्रमाणे वृत्तांत. पुढे सगुणाबाई बरीच वर्षे वारावर राहिल्या आणि सातही वारांच्या पेजेस नावे ठेवीत सुखाने गेल्या. मग ते वार राज्यातल्या इतर दुखणाइतांस लागले, मग धर्म कोणता हेही कोणी विचारीनासे झाले. बहुतांनी मिळून मोठे काम योजावे ते योजतच राहिले, आणि एकीने उशाशी बसावयास घरटी एक वार मागितला, तो सर्वांस मिळाला. ऐकिले तैसे लिहिले. लेखनसीमा.