फ्रीजमधला अंधार

सुश्रुतने रविवारी दुपारी कॅमेरा फ्रीजमध्ये, कोथिंबिरीच्या जुडीला टेकवून ठेवला आणि डोंबिवलीतल्या त्या दोन खोल्यांत फ्रीज उघडायला बंदी झाली.

त्याचं असं झालेलं. आदल्या रात्री मुरबाडकडच्या माळावर त्याने मृगातल्या तेजोमेघाचे फोटो काढले. एकेका फोटोला दोन मिनिटं लागली की कॅमेरा पदरचे लाल-निळे ठिपके टाकतो. मग तेवढ्याच थंडीत, भिंगाला झाकण लावून, नुसत्या काळोखाचे फोटो घ्यायचे. त्यांत फक्त ठिपके उरतात. ते खऱ्या फोटोतून वजा करायचे. पण नवी बायको शिंकायला लागली म्हणून काळोख न टिपताच त्याने गाशा गुंडाळला. (नवी बायको म्हणजे रुचिता. लग्नाला दोन महिने.) आणि प्रदर्शनासाठी फोटो आज आठच्या आत पाठवायचा होता.

"पाच मिनिटांनी, कॅमेरा गार झाला की, चाळीस फोटो आपोआप निघतील. मी ठाण्याहून दुरुस्तीला दिलेला लॅपटॉप घेऊन येतो. तोवर दार उघडू नकोस हं!"

शिंकांचं प्रायश्चित्त म्हणून रुचिता फ्रीजला पाठ लावून उभी राहिली. तेवढ्यात सासूबाईंची बहीण, कांतामावशी, नवी सून बघायला दिव्याहून आल्या.

"रुचिता, चहा टाक गं," सासूबाई म्हणाल्या.

"आई, दूध फ्रीजमध्ये आहे."

"मग काढ की!"

"आत अंधाराचे फोटो चाललेत."

"अंधाराचे?" मावशी म्हणाल्या. "अगं, आमच्याकडे पाणी नसतं, पण अंधार हवा तेवढा! डबा भरून पाठवते."

मावशींनी कोरा चहा एरंडेलासारखा घेतला. सासूबाई त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेल्या, त्या सुनेकडे न बघता.

सुश्रुत परतला. फ्रीज उघडला आणि किंचाळला, "झाकण कुठंय?"

"तू काढायला विसरलेलास ना? तू गेल्यागेल्या, फोटो सुरू व्हायच्या आधीच मी काढलं," रुचिता कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली.

त्याने घाईघाईने लॅपटॉप लावला. फोटो मात्र काळेकुट्ट! दार बंद, आतला बल्ब बंद. झाकणाचं काम फ्रीजनेच केलेलं.

"दार राखून वाचवलंस गं! हे तीनच पांढरेफटक आलेत. चार दोन, चार आठ, चार चौदा. तेव्हा घरी कोण होतं?"

रुचिता ओढणीचं टोक पिळत राहिली. सुश्रुतने तिच्याकडे पाहिलं आणि ते तिन्ही पुसून टाकले. सदतीस पुरे होते. इतका समजूतदार नवरा मिळाल्याबद्दल तिचे डोळे भरून येतायत, तोच स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला,

"रुचिता, मावशीसाठी फ्रीजमध्ये ठेवलेल्या बासुंदीचं पातेलं एवढं स्वच्छ कोणी घासलं गं?"