दोन कॅन आणि एक कडक कोट

सोमवारी सकाळी तिने कामाचा पांढरा कोट अंगात चढवला, तर तो कडकड वाजला. बटण लावायला हात दुमडला तर पत्रा वाकवल्यासारखा आवाज.

"बाबा, याला इस्त्री कोणी केली?"

सासऱ्यांनी वर्तमानपत्र डोळ्यांपर्यंत वर घेतलं. "मीच. आज तुझा दिवस आहे ना!"

दिवस तिचाच होता. मक्यापासून स्टार्च काढणाऱ्या प्लांटमध्ये ती इंजिनियर. बाळंतपणाच्या रजेवरून परत येऊन जेमतेम पंधरा दिवस झाले होते, आणि नवीन सेंट्रीफ्यूज निवडायचं काम तिच्याकडे आलं होतं. दुधासारखं दिसणारं पाणी गरागरा फिरवून त्यातून स्टार्च वेगळं काढणारं यंत्र. घरातल्या कपडे पिळणाऱ्या मशीनचं थोरलं भावंड म्हणा, फक्त हे चुकलं तर बादलीभर पाणी सांडून भागत नाही. मोठ्या साहेबांनी काम सोपवलं खरं, पण सोपवताना म्हणाले होते, "झेपेल ना? नाहीतर शेजारच्या टेबलावर देऊ." ते शेजारचं टेबल तेव्हापासून तिच्या स्वप्नात येत होतं. अर्थात, बाळ झोपू देईल तेवढ्याच स्वप्नात.

उमेदवार दोन. एक टायवाले, त्यांचं माहितीपत्रक इतकं गुळगुळीत की टेबलावर ठेवलं की घसरत जाऊन साहेबांच्याच पुढ्यात थांबायचं. दुसरे मिस्त्री. स्वतःच्या वर्कशॉपमध्ये मशिनं बनवायचे आणि बोलता बोलता फडक्याला हात पुसायचे. "तुमचा माल आणून द्या, फिरवून बघतो. आधीच काय सांगू?" म्हणाले. तिला ते पटलं. शुक्रवारी तिने एकाच टाकीतून दोन कॅन भरले, त्यांवर 'मक्याचं स्टार्च' अशा चिठ्ठ्या लावल्या. प्लांटमधला फ्रीज बंद पडलेला आणि हा माल उबेला आंबतो, म्हणून कॅन घरच्या फ्रीजमध्ये ठेवले. शनिवारी दुपारी स्वतः जाऊन दोघांना एकेक पोचता केला.

मीटिंगमध्ये टायवाल्यांनी तीन रंगांत छापलेला अहवाल साहेबांपुढे ठेवला. "आपल्याच मालावर चाचणी घेतली, सर. नव्व्याण्णव पूर्णांक दोन टक्के स्टार्च वेगळं!"

"वा!" साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात दार ढकलून मिस्त्री आत आले. हातात थाळी, थाळीत करडा, रबरासारखा गोळा. थाळी त्यांनी टेबलावर आपटली, तरी गोळा जागचा हलला नाही.

"मॅडम, हे काय भरून दिलंत? मशिनीतून खरवडून काढायला दोन माणसं आणि अख्खा रविवार गेला माझा! हे स्टार्च नाही. हा डिंक आहे, डिंक!"

साहेबांनी टोपण परत लावलं आणि तिच्याकडे पाहिलं. शेजारचं टेबल तिला स्पष्ट दिसू लागलं.

"कॅन रात्रभर माझ्या घरी होते," ती कशीबशी म्हणाली.

"घरी कोण असतं?"

"सासरे."

"लावा फोन. स्पीकरवर."

"बाबा, शनिवारी फ्रीजमधल्या कॅनना हात लावला होतात का?"

पलीकडे बाळाचं हुंकारणं ऐकू आलं. मग सासरे म्हणाले, "रागावणार नसशील तर सांगतो. रजेत तुझा कोट अगदी गळून गेला होता गं. चिठ्ठीवर स्टार्च वाचलं, म्हटलं, चांगली खळ होईल. शिजवली. कोट झाला. उरली, म्हणून पडदे केले. तरी उरली, म्हणून..."

"चादरी?"

"आणि उशांचे अभ्रे. मग तू म्हणालीस, कॅन नीट सांभाळा, माझी नोकरी आहे त्यात. तुला सांगायला आलो, तर बाळाला कुशीत घेऊन नुकता डोळा लागला होता तुझा. उठवावंसं वाटलं नाही. दोन्ही कॅनमध्ये मैदा कालवून भरून ठेवला. दिसायला अगदी तस्सा! आणि मी आंघोळीला गेलो तेवढ्यात तू कॅन घेऊन गेलीससुद्धा."

फोन बंद झाला. मिस्त्री थाळीकडे बघत "मैदा!" एवढंच म्हणाले. साहेबांनी तोंड उघडलं आणि ते तिला उद्देशूनच उघडलं होतं. पण त्याआधी कोट कडकडला. तिने हात लांब करून तीनरंगी अहवाल ओढून घेतला होता.

"'आपल्या नमुन्यातून'," ती सावकाश वाचू लागली, "'मक्याचं स्टार्च, नव्व्याण्णव पूर्णांक दोन टक्के.'" तिने मान वर केली. "मैद्यातून?"

टायवाल्यांनी टायची गाठ सैल केली. "ते... साधारण तसंच येतं, मॅडम."

"कॅन उघडलात तरी का?"

त्यांनी घड्याळ पाहिलं. त्यांना आणखी एक मीटिंग असल्याचं आठवलं.

साहेबांनी रबरी गोळ्याला बोट लावून पाहिलं. "मिस्त्री, खऱ्या मालावर पुन्हा चाचणी घ्या. आकडे बरे आले तर ऑर्डर तुमची." मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "पुढच्या महिन्यात स्टार्च वाळवणारा ड्रायर घ्यायचाय. तोही तुम्हीच बघा. आणि मैदा कुठला होता ते विचारून ठेवा."

संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा दुपारीच पुन्हा लावलेले पडदे दारासारखे ताठ उभे होते. बाळ चादरीवर रांगत होतं, आणि प्रत्येक हालचालीला चादर पापडासारखी वाजत होती. सासरे वर्तमानपत्रामागे.

"गेली का नोकरी?" वर्तमानपत्रामागून आवाज आला.

तिने पिशवीतून एक कॅन काढून फ्रीजमध्ये ठेवला. "हा मिस्त्रींचा. उद्या द्यायचाय."

"बघणारसुद्धा नाही त्याच्याकडे!"

मग तिने दुसरा कॅन काढून त्यांच्या पायाशी ठेवला. त्याच्यावरची चिठ्ठी वाचायला त्यांना वर्तमानपत्र खाली करावंच लागलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'बाबांचा.'

"पुढच्या महिन्यात ड्रायर निवडायचाय," ती म्हणाली. "कोट कडक लागेल."