आधी डोळे कुणी उघडायचे?

मोठ्या बाईंनी एकदा नियम घातला, की तो बदलावा लागत नसे. बदलायचे ते माणसांनी. याच रीतीने त्यांनी घर चालवले, शाळा चालवली आणि निवृत्तीनंतर स्काउटांचे पथकही चालवले. त्यामुळे शिबिराला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ओट्याशी उभे राहून त्या म्हणाल्या, "प्रार्थनेचा प्रश्न मी कायमचा मिटवला आहे," तेव्हा सुनेने हातातले भांडे सावकाश खाली ठेवले. सासूबाईंनी कायमचे मिटवलेले बरेच प्रश्न तिने पुढे वर्षानुवर्षे निस्तरले होते.

प्रश्न असा होता. पथक सांभाळायला मोठ्या बाईंच्या मदतीला असलेले बँकवाले आणि शिंपीमास्तर यांचे देव वेगळे आणि प्रार्थनाही वेगळ्या. बँकवाल्यांची प्रार्थना लांब. मध्येच उठवले तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागेल अशी. शिंपीमास्तरांची आटोपशीर, मापात बेतलेली. एका सकाळी मास्तरांचे उरकले, त्यांनी डोळे उघडले आणि खणखणीत आवाजात "सावधान" असा हुकूम दिला. बँकवाले अर्ध्यावर होते.  पुढच्या आठवड्यात त्यांनी आपली प्रार्थना एका श्वासात गुंडाळली आणि मास्तर पहिल्या ओळीवर असतानाच शिट्टी फुंकली. तेव्हापासून दोघांत बोलणे बंद. "त्यांना सांगा, दोरी हवी आहे," असे एक म्हणे, "त्यांना सांगा, दोरी त्यांच्या पायाशीच आहे," असे दुसरा म्हणे, आणि मधल्यामध्ये हे निरोप पोचवून तिसऱ्या मदतनीस असलेल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंचा जबडा दुखू लागला.

तक्रार स्काउटांच्या आयुक्तसाहेबांपर्यंत गेली. साहेब घरी येऊन शांतपणे म्हणाले, "मोठ्या बाई, मोठ्या माणसांनाच एकमेकांच्या श्रद्धेचा मान ठेवता येत नसेल, तर मुलांनी काय शिकायचं? शिबिराला निघताना मी स्वतः येईन. तिथं पुन्हा तेच दिसलं, तर तुमचं पथक शेजारच्या पथकात सामील करावं लागेल."

शेजारचे पथक म्हणजे मोठ्या बाईंच्या धाकट्या जावेचे.

या एका वाक्यावर मोठ्या बाईंची झोप उडाली होती. सर्वस्व गेले असते तरी त्या ताठ मानेने उभ्या राहिल्या असत्या. पण धाकटीच्या हाताखाली? इकडे निळे स्कार्फ आले, की महिन्याभरात तिकडे निळे स्कार्फ दिसत, काठाला पिवळी फीत लावून. इकडे बिगुल आले, की तिकडे दोन येत. शिवाय सासऱ्यांची ती पितळी शिट्टी होती. सासरे जुने स्काउटमास्तर. त्यांच्यामागे शिट्टी मोठ्या बाईंच्या गळ्यात आली, आणि ती मुळात आपल्याला दिलेली होती असे धाकटीचे म्हणणे. दोन वर्षे झाली, जावाजावा लग्नकार्यात भेटल्या तर नुसत्या माना हलवत. त्याही अशा, की कुणाची मान जास्त खाली गेली हे नवऱ्यांना नंतर ऐकावे लागे.

"नियम सोपा आहे," मोठ्या बाई सुनेला म्हणाल्या. "प्रत्येकानं आपल्या रीतीनं, मनातल्या मनात प्रार्थना करायची. आणि सगळ्यांची पूर्ण झाल्याशिवाय कुणी डोळे उघडायचे नाहीत, हलायचं नाही, खाकरायचंसुद्धा नाही."

"पण आई, डोळे मिटलेले असताना सगळ्यांचं झालं हे कळणार कसं?"

"ज्याला दुसऱ्याचा मान ठेवणं कळतं, त्याला तेही कळतं."

 सुनेला दुसरेही काम होते. पथकाच्या संस्थापिकेची तसबीर सभागृहात असावी, असे मोठ्या बाईंनी स्वतःहून कधीच सुचवले नव्हते. फक्त "भिंती किती ओक्याबोक्या दिसतात," असे त्या आठवडाभर तीन-चारदा म्हणाल्या होत्या. सुनेने टोपीतला त्यांचा भला मोठा फोटो करून आणला होता.

"फुलं कुठली आणू?"

"मला विचारू नकोस. पण भडक नकोत. पांढरी बरी दिसतात."

सकाळी सभागृहाबाहेर बस उभी राहिली. मुले पटांगणावर, पिशव्या रांगेत, आयुक्तसाहेब वेळेवर हजर. नव्या नियमाची कुणकुण लागल्यापासून बँकवाले आणि मास्तर इतके सभ्य झाले होते, की त्यांच्यात ते दोघे कुठे आहेत हे शोधावे लागत होते. ध्वज चढवताना बँकवाल्यांनी तो अर्ध्यावर नेला आणि दोरी पुढे केली. "उरलेला मान आपला, मास्तर."

"छे, छे. आपण वयानं मोठे."

"वयानं असेन. हाताला सफाई आपल्या."

"लाजवू नका साहेब. ओढा आपणच."

इतक्यात मोठ्या बाईंची शिट्टी झाली. दोघांनी घाईने दोरी खांबाला बांधली आणि "आधी आपण, आधी आपण" करीत दारातून आडवे आत शिरले. ध्वज अर्ध्यावरच राहिला.

आत मोठ्या बाईंनी नियम वाचून दाखवावा तसा सांगितला. भिंतीवर चढेपर्यंत तसबीर टेबलावर ठेवली होती; तिच्यासमोर सगळे दाराकडे पाठ करून अर्धगोलात उभे राहिले. बँकवाल्यांनी हात जोडले, मास्तरांनी तळवे उघडे धरले, आयुक्तांनी टोपी काढून मान झुकवली. डॉक्टरीणबाई कुठलाच देव मानत नसत. त्यांनी नुसतेच डोळे मिटले. सून बाहेर मुलांपाशी थांबली. सभागृह निःशब्द झाले.

मोठ्या बाईंची प्रार्थना लहानच असे. सगळ्यांना बुद्धी दे, एवढेच त्यांचे मागणे. स्वतःसाठी त्या बुद्धी मागत नसत. ती झाली. मग त्या थांबल्या. बँकवाल्यांचा श्वास संथपणे वर-खाली होत होता. म्हणजे त्यांचे चालू होते. मास्तरांची काहीच चाहूल नव्हती, म्हणजे त्यांचेही. आयुक्त पाहुणे, त्यांच्याआधी डोळे उघडणे शिष्टाचाराला सोडून झाले असते. डॉक्टरीणबाईंना तर काही म्हणायचेच नव्हते, पण म्हणूनच त्या सगळ्यांत घट्ट डोळे मिटून उभ्या असणार, हे मोठ्या बाईंना ठाऊक होते. त्यांना अभिमान वाटला. बघा म्हणावे साहेब, माझी माणसे.

थोड्या वेळाने अभिमानाला मुंग्या येऊ लागल्या. डाव्या पायाला तर आधीच आल्या होत्या. एक माशी त्यांच्या नाकावर बसली, इकडेतिकडे फिरली, आणि हे नाक हलत नाही अशी खात्री झाल्यावर पंख साफ करू लागली. माझ्याच नियमाने मला बांधून घातले, असा विचार त्यांच्या मनात डोकावला; त्याला त्यांनी दारातूनच परत पाठवले.

किल्ल्यांचा खुळखुळाट आला. उशीर का होतो आहे हे पाहायला बसचा ड्रायव्हर आला होता. "अहो, निघा–" एवढेच त्याच्या तोंडून आले. मग किल्ल्या मुठीत दाबल्याचा आवाज, आणि तोही गप्प. शिस्त ही अशी पसरते, मोठ्या बाईंनी मनाशी म्हटले. ड्रायव्हरला बोलवायला दोन पालक आले. चपला दारात काढल्या आणि गप्प झाले. पालकांना शोधत आणखी पालक आले. कुणीतरी कुजबुजले, "कधी?" दुसऱ्याने "श्श" केले.

कधी म्हणजे काय? मोठ्या बाईंना कळेना.

समोरच्या औषधांच्या दुकानाच्या मालकाने आधी अर्ध्यावरचा ध्वज पाहिला. मग खिडकीतून झुकलेल्या माना पाहिल्या, टोपी काढलेले आयुक्त पाहिले आणि पांढऱ्या फुलांतला मोठ्या बाईंचा फोटो पाहिला. त्या गर्दीच्या पलीकडे खुद्द मोठ्या बाई उभ्या होत्या, पण त्या त्याला दिसण्याजोग्या उंच नव्हत्या. त्याने दुकानाचे शटर अर्धे खाली ओढले. शेजारच्या बेकरीवाल्याने कारण न विचारता आपलेही ओढले. कारण मागून विचारता येते. औषधवाला भला माणूस होता. नातलगांना कळवायला हवे म्हणून त्याने धाकट्या बाईंना फोन केला आणि स्वतःही सभागृहात येऊन मागे उभा राहिला.

आत शांतता दाट होत चालली. कुणीतरी हुंदका दिला. कुणीतरी मोठ्या बाईंच्या अगदी पायाशी पुष्पगुच्छ ठेवला आणि त्यांच्याच कानाशी म्हणाले, "जरा सरकता का आजी, फोटोपाशी ठेवायचा होता." त्या सरकल्या नाहीत. नियम म्हणजे नियम. शेवटी सून मुलांना घेऊन आत आली. ती काही बोलणार तोच मुलांनी रांग धरली, माना झुकवल्या आणि जन्मात प्रथमच एकही खोकला नाही. सून बिचारी कुणाला हलवणार? तिने आधी सासूबाईंकडे पाहिले, मग पुष्पगुच्छाकडे, आणि डोळे मिटून घेतले. तिची प्रार्थना मात्र त्या क्षणी अगदी मनापासून होती.

तेवढ्यात बाहेर रिक्षा करकचून थांबली.

"जाऊबाई, अहो मला टाकून गेलात हो!"

धाकट्या बाई गर्दीतून वाट काढत थेट टेबलाशी आल्या. एका पायात घरातली चप्पल, दुसऱ्यात बाहेरची. ज्यांना टाकून गेल्या म्हणून त्या रडत होत्या, त्या मोठ्या बाई त्यांच्या पाठीशी हातभर अंतरावर उभ्या होत्या. पण धाकट्या बाईंचे बोलणे फोटोशी चालले होते.

"दोन वर्षं बोलले नाही मी तुमच्याशी. कशासाठी हो? सगळं तर तुमचंच बघून शिकले. परेड कशी करता, ते गच्चीवरून दुर्बीण लावून बघायची मी."

मोठ्या बाईंच्या मिटलेल्या पापण्या थरथरल्या. बोलावे का? पण बँकवाल्यांची प्रार्थना अपुरी असली तर? शिवाय एखादे माणूस मनापासून बोलत असताना मध्ये तोंड घालणे बरे नव्हे.

"साहेब तुमचं पथक माझ्या पथकात सामील करणार होते. मी काल रात्रीच ठरवलं होतं, नको म्हणणार. तुमच्यासारखं पथक माझ्या बापजन्मी चालवता येणार नाही मला. तुमच्यासारखी शिस्त नाही, तुमच्यासारखा आवाज नाही."

आणखी थोडे ऐकून घ्यावे, असे मोठ्या बाईंना वाटले. माशी परत आली; तिलाही त्यांनी बसू दिले.

"मन मोठं होतं तुमचं," धाकट्या बाई पदराने नाक पुसत म्हणाल्या. "एक तेवढी मामंजींची शिट्टी. मला दिली होती त्यांनी. घासून देते म्हणून घेऊन गेलात, ती परत काही दिली नाहीत. असू दे. आता काय त्याचं."

"घासायला नेली नव्हती," मागून आवाज आला. "मलाच दिली होती."

धाकट्या बाई वळल्या. डोळे उघडलेल्या, पायाशी पुष्पगुच्छ असलेल्या मोठ्या बाई शिट्टी मुठीत धरून उभ्या होत्या. ड्रायव्हर मटकन बाकावर बसला. औषधवाल्याने भिंतीचा आधार घेतला. धाकट्या बाईंनी जावेला आधी बोटाने टोचून पाहिले, मग घट्ट मिठी मारली, आणि मिठीतच म्हणाल्या, "खोटं बोलताय. घासायलाच नेली होती."

हळूहळू एकेक डोळा उघडू लागला. उघडा पहिला डोळा मोठ्या बाईंचा होता, हे सगळ्यांनी पाहिले. पण बोलले कुणी नाही.

"मोठ्या बाई," आयुक्तांनी मान चोळत विचारले, "इतका वेळ आपण काय मागत होतात?"

त्या खोटे बोलत नसत. शिट्टीच्या बाबतीतही त्यांना तसे वाटत नसे. "माझं केव्हाच झालं होतं. यांच्यासाठी थांबले."

"माझंही मघाशीच झालं," बँकवाले म्हणाले. "मास्तरांचं राहिलं असेल म्हणून..."

"माझं तर आपल्याही आधी, साहेब. आपली लांब असते, म्हणून मी–"

"मी तर सुरूच केलं नव्हतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण सुरू न केलेल्या माणसानं आधी थांबणं बरं दिसलं नसतं."

आयुक्तांना हसू आवरेना. हसता हसता त्यांनी टोपी डोक्यावर ठेवली, ती उलटी बसली. "एवढा वेळ, एवढी माणसं, आणि कुणी कुणाचा अपमान केला नाही," ते म्हणाले. "पथक तुमचंच राहील, मोठ्या बाई. धाकट्या बाई नाही म्हणाल्या, तेही मी ऐकलं. डोळे मिटले होते, कान नव्हते मिटले. फक्त प्रार्थना संपली हे सांगायला कुणीतरी नेमा."

मोठ्या बाईंनी सभोवार पाहिले. बँकवाल्यांना नेमले तर मास्तर दुखावणार, मास्तरांना नेमले तर बँकवाले. सून होती, पण तिच्याकडे पाहताच ती पुष्पगुच्छ उचलण्याच्या कामात फार गढून गेली. अखेर त्यांनी गळ्यातली दोरी सोडवली.

"अगं धाकटे, इकडे ये. ही धर. मामंजींनी मला दिली होती, मी तुला देते आहे. समजलीस?"

"समजले," धाकट्या बाई शिट्टी गळ्यात घालीत म्हणाल्या. "परत दिलीत, एवढंच मी म्हणते."

बस मात्र लगेच सुटली नाही. बँकवाले आणि मास्तर दाराशी "आधी आपण" करीत उभे होते. शेवटी ड्रायव्हरने दोघांना मागच्या दाराने चढवले.

आता दोन्ही पथकांची रविवारची प्रार्थना एकत्र होते आणि ती संपल्याची शिट्टी धाकट्या बाई फुंकतात. तसबीर भिंतीवर आहे. सून तिला तांबडीलाल फुले वाहते. नियमही तोच आहे, मोठ्या बाईंनी तो बदललेला नाही. फक्त शिट्टी झाली, की डोळे न उघडताच त्या म्हणतात, "आज जरा लवकर वाजवलीस."