देवरे वकिलांचा पासवर्ड

धुळ्याच्या अभिमन देवरे वकिलांनी शहाण्णव सालच्या एका शनिवारी ठरवलं, की घरच्या कॉम्प्युटरला पासवर्ड घालायचा. एवढंच! पण या माणसाला साधं काही जमेल तर शपथ. जळगावला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स करून आल्याबरोबर त्यांनी दारावरच्या पाटीवर 'वकील व संगणक-सुरक्षा सल्लागार' असं रंगवून घेतलं होतं. (ही सुरक्षा म्हणजे काय, हे विचारायलाही अजून कोणी पायरी चढलं नव्हतं.) आता मात्र दोंडाईच्याच्या एका पतपेढीचे चेअरमन पन्नालालशेठ सोमवारी स्वतः येणार होते. पेढीचा कारभार कॉम्प्युटरवर जायचा होता आणि त्यांना कायदा कळणारा अन् कॉम्प्युटरला कुलूप लावणारा असा एकच माणूस हवा होता. हे काम मिळालं तर पाटीचं सार्थक, नाहीतर बाररूममधली मंडळी जन्मभर टिंगल करणार.

पासवर्ड घालून वकीलसाहेब आंघोळीला गेले. येऊन बघतात तर त्यांच्या सौभाग्यवती लताबाई कॉम्प्युटरवर निवांत पत्ते खेळताहेत!

"हा उघडला कसा?"

"पासवर्ड टाकून."

"तो तुला कळला कसा? शपथेवर सांग!"

"अहो, असं काय करता? 'पद्मालय'च ना?"

वकीलसाहेबांचं डोकंच फिरलं. त्यांनी दुसरा पासवर्ड घातला. संध्याकाळी शेजारच्या झुंबरबाई भरीत घेऊन आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "भाऊ, पहिला शबूद बरा व्हता. हाऊ 'न्यायदंड' ध्यानमा ऱ्हात नही."

झालं! भरीत ताटात तसंच राहिलं. वकीलसाहेबांनी टेलिफोनची वायर उपटली, कॉम्प्युटरच्या मागे बॅटरी मारून पाहिली आणि रविवारभर बायकोशी अबोला धरला.

सोमवारी पन्नालालशेठ आले. चहा झाला.

"शेठजी, आजचा पासवर्ड अगदी नवा. आमच्या हिलासुद्धा ठाऊक नाही. आता तुम्ही जरा तोंड फिरवा."

शेठजींनी भिंतीकडे तोंड केलं. वकीलसाहेबांनी कीबोर्डवर बोटं ठेवली आणि कोर्टाच्या आवारात वीस वर्षं टायपिस्टला मजकूर सांगून कमावलेल्या खणखणीत आवाजात उच्चारलं, "चक्रव्यूह. फुल स्टॉप."

शेठजी भिंतीकडे तोंड करूनच हसायला लागले. वकीलसाहेबांना काही कळेना.

"काय झालं?"

"अहो, तुम्ही बोलता!" लताबाईंनी कपाळाला हात लावला. "एक अक्षर टाइप करायचं तरी सगळ्या गल्लीला ऐकवता. वीस वर्षांची सवय!"

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"कधी सांगणार? काल दिवसभर तुमचं तोंड फुगलेलं!"

वकीलसाहेबांनी कीबोर्डवरची बोटं उचलली. पाटी गेली, पतपेढी गेली, वर अब्रूही गेली. शेठजींनी डोळे पुसले.

"वकीलसाहेब, कुलपाचं आपण राहू द्या. पण आवाजाला तुमच्या तोड नाही बुवा! आमच्या वार्षिक सभेत दरवर्षी लाइट जाते, माइक बंद पडतो आणि मागचे लोक बोंबलायला लागतात. तेवढा अहवाल वाचायला याल का?"

संगणक-सुरक्षा सल्लागारांनी बाणेदारपणे नाही म्हणायला तोंड उघडलं, पण त्याआधी लताबाई विचारून मोकळ्या झाल्या, "सभेनंतर जेवण असतं ना हो शेठजी? मग आम्ही दोघंही येऊ."