काहीच त्रास न देणारी गाडी

इमारतीत बेचाळीस बिऱ्हाडं होती आणि बेचाळीस गाड्या होत्या. त्या सगळ्या एकाच कंपनीच्या होत्या. तसा काही नियम नव्हता. नियम असता तर एव्हाना कुणीतरी तो मोडला असता. पहिल्याने घेतली म्हणून दुसऱ्याने घेतली आणि बेचाळिसाव्याने घेतली तोवर कारण विचारायची पद्धतच उरली नव्हती. दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्या रस्त्यावर धावताना दिसत, पण त्या लोकांच्या असत.

एका बुधवारी वजनमापे खात्यातल्या तपासनिसांनी आपली नेहमीची गाडी विकली आणि सतरा वर्षं जुनी, करड्या रंगाची, भलत्याच कंपनीची गाडी आणून पार्किंगमध्ये उभी केली. बंडबिंड करण्याचा त्यांचा पिंड नव्हता. लिफ्टमध्ये कुणी त्यांच्यासाठी चुकीचा मजला दाबला, तर त्याला वाईट वाटू नये म्हणून ते त्याच मजल्यावर उतरत आणि पुढचे दोन मजले जिन्याने चढत. असा माणूस भलत्या कंपनीच्या वाटेला गेला तो वडिलांच्या गुडघ्यामुळे.

वडील जन्मभर घड्याळजी. दुकान आता त्यांचा शिष्य चालवत होता, पण रोज साडेदहाला वडील तिथे जात आणि डोळ्याला भिंग लावून दोन तास शिष्याशेजारी बसत. उरलेले बावीस तास ते या दोन तासांच्या भरवशावर काढत. ऑपरेशननंतर उजवा गुडघा वाकेनासा झाला. नेहमीच्या गाडीत सीटच्या कडेपासून समोरच्या पत्र्यापर्यंत पंचेचाळीस सेंटिमीटर जागा होती. वडिलांच्या सरळ पायाला एकसष्ट लागत होती. तपासनिसांनी टेप घेऊन अकरा गाड्या मोजल्या. या करड्या गाडीत माप त्रेसष्ट भरलं. वरचे दोन सेंटिमीटर चपलेला झाले.

पहिल्याच दिवशी वडील पाय लांब करून बसले, मागे टेकले आणि म्हणाले, "हिला बनवणाऱ्याच्या घरात कुणीतरी म्हातारं असणार."

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग रविवार आला.

रविवारी सकाळी नऊ वाजता इमारतीतले पुरुष पार्किंगमध्ये उतरत आणि आपापल्या गाडीचं बॉनेट उघडून उभे राहत. कुणी काही दुरुस्त करत नसे. फक्त आत बघायचं, मान हलवायची आणि गाडीने आठवडाभर काय छळलं ते सांगायचं. तीन नंबरवाल्यांचा क्लच, दंतवैद्यांच्या गाडीचा वायपर, सेक्रेटरींचं दर सोमवारी हटकून बंद पडणारं इंजिन. यातूनच ओळखी वाढत, यातूनच टाकी साफ करायचा दिवस कळे, यातूनच सोयरिकी जमत. तपासनीसही आजवर आपला रेडिएटर घेऊन त्यात इमानेइतबारे सामील होत.

"काय म्हणते नवीन जुनी गाडी?" सेक्रेटरींनी विचारलं. एक्केचाळीस जणांनी कान टवकारले.

"काही नाही, छान चालतेय," तपासनीस म्हणाले.

"त्रास?"

"काहीच नाही."

पार्किंगमध्ये शांतता पसरली. दंतवैद्यांनी आपलं बॉनेट हलकेच मिटलं. कुणीतरी म्हणालं, "बरं आहे बुवा तुमचं," आणि ते ज्या सुरात म्हटलं गेलं त्या सुरात लोक सहसा शिव्या देतात.

पुढच्या रविवारी तेच. तिसऱ्या रविवारी तपासनीस आल्यावर घोळका चार पावलं सरकला. त्या आठवड्यात टाकी साफ झाली, पाणी दिवसभर बंद राहिलं आणि ते फक्त तपासनिसांच्या घरी कळवायचं राहून गेलं.

"लोक म्हणतात तुम्ही शिष्ट झालात," बायको रिकामी बादली घेऊन म्हणाली. "जरा काहीतरी बिघडतंय म्हणून सांगायला काय जातं तुमचं?"

"पण बिघडत नाही ना."

"माझं डोकं दुखत नसतं तेव्हाही मी तुमच्या बहिणीला दुखतंय म्हणूनच सांगते. तिला बरं वाटतं."

दुकानदाराचं किलोचं वजन तीन ग्रॅमने कमी भरलं तरी तपासनीस ते जप्त करत. पण चौथ्या रविवारी ते खाली गेले, बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "डावीकडून जरा आवाज येतोय."

"तरी म्हटलं!" सेक्रेटरींचा चेहरा उजळला. घोळका करड्या गाडीभोवती जमला. दंतवैद्यांनी बसायला खुर्ची आणली. कुणाच्या तरी घरून चहा आला. तपासनिसांना इतकं प्रेम लग्नातही मिळालं नव्हतं.

मग दर रविवारी एक बिघाड. स्टिअरिंग उजवीकडे ओढतं. दुसरा गिअर रुसतो. उतारावर जळका वास येतो. खोटं बोलण्यातही तपासनीस काटेकोर होते. आधीच्या बिघाडाशी विसंगती नको म्हणून ते घरी टिपण ठेवत. तपासनीस बिघाड टिपून ठेवतात एवढं सेक्रेटरींना कळलं तेव्हा त्यांचा ऊर भरून आला. "तुम्ही एकट्याने का सोसायचं?" असं म्हणून त्यांनी सोसायटीतर्फे एक जाड वही आणली, तिच्यावर 'परक्या वाहनांची नोंदवही' असं लिहिलं आणि फाटकाजवळ खिळ्याला टांगली. रकाने पाच: वाहनाची कंपनी, तारीख, लक्षण, शेजाऱ्यांचं मत, मालकाची सही. वॉचमनही हाताला येईल ते लिहू लागला. 'साडेदहाला गेली, एकला आली. स्वतःहून आली. संशयास्पद.'

सेक्रेटरींच्या आग्रहावरून गाडी गॅरेजमध्ये नेली. तिथल्या उस्तादांनी दोन दिवस तिच्याखाली पडून काढले आणि बाहेर येऊन हात पुसले.

"काही सापडत नाही, साहेब."

"म्हणजे ठीक आहे?"

"ठीक कसं? माझी तीस वर्षांची नजर. मला सापडत नाही म्हणजे बिघाड किती खोल असेल बघा." आणि त्यांनी तसा दाखला लिहून दिला: 'तपासणीअंती दोष आढळला नाही. सबब दोष गंभीर आहे.'

दाखल्याची कुणकुण कचेरीपर्यंत गेली. मोठ्या साहेबांनी तपासनिसांना बोलावून घेतलं, खांद्यावर हात ठेवला आणि 'वाहनपीडित कर्मचारी' या सदराखाली रोज अर्धा तास उशिरा येण्याची सवलत मंजूर केली. पंचाईत अशी की करडी गाडी त्यांना रोज वेळेवर पोचवत असे. मिळालेल्या सवलतीचा लाभ न घेणं हा नियमभंग होता. म्हणून तपासनीस रोज कचेरीमागच्या गल्लीत गाडी उभी करत, आत अर्धा तास बसत आणि मग धापा टाकत जिना चढत. दुपारी त्या गल्लीतून गाडी घेऊन वडिलांना दुकानातून आणायचं काम बायको करी, तिला गाडी फार आवडली होती. पण तिला कुणी विचारलं नव्हतं.

असे एकोणीस रविवार झाले. विसाव्या रविवारी सोसायटीने एकमताने ठराव केला की आपल्या एका सभासदाचा जीव धोक्यात असताना आपण हातावर हात ठेवून बसणं माणुसकीला धरून नाही. वहीची प्रत वाहन कार्यालयाकडे गेली. आठव्या दिवशी गाडीला तपासणीचं बोलावणं आलं.

वाहन परीक्षकांनी गाडी उचलून पाहिली, ठोकून पाहिली, धूर मोजला, ब्रेक करकचून लावून पाहिले. मग ते टेबलाशी बसले आणि वही चाळू लागले.

"एकोणीस दोष. प्रत्येकापुढे सही तुमचीच?"

"सही माझीच आहे. पण साहेब, त्यातलं काहीही खरं नाही. सगळं मी रचलंय."

"का?"

"रविवारी बोलायला काही नव्हतं म्हणून."

परीक्षकांनी त्यांच्याकडे कनवाळूपणे पाहिलं. "निकालाच्या दिवशी सगळे असंच काहीतरी म्हणतात. लळा लागतो हो. मागच्या महिन्यात एक बाई तर रडल्या इथे."

"पण तुम्ही आत्ताच तपासलीत ना? काही सापडलं?"

"नाही सापडलं. पण मी पाहिली वीस मिनिटं. तुम्ही पाच महिने लिहून देताय, गॅरेज लिहून देतंय, एक्केचाळीस घरं साक्षीला आहेत, तुमच्या खात्याने सवलत दिलीय." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आता तुम्ही म्हणता तसंच असेल, तर वजनमापे खात्याच्या तपासनिसाने एकोणीस वेळा खोटं लिहून दिलं, अशी नोंद करावी लागेल. मला काय, दोन्ही सारखंच. एक तर गाडी बाद, नाहीतर तपासनीस बाद. काय लिहू?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. तपासनिसांना वडिलांचं भिंग आठवलं, त्रेसष्ट सेंटिमीटर आठवले. मग नोकरी आठवली. त्यांनी विसावी सही केली.

बाद गाडीने स्वतःच्या चाकांवर भंगारात जाणं नियमात बसत नव्हतं. म्हणून कार्यालयाने ती ओढून न्यायला ट्रक पाठवला, अर्थात नेहमीच्याच कंपनीचा. वडील म्हणाले, मी येतो. ते करड्या गाडीत पुढे पाय लांब करून बसले. गावाबाहेरच्या चढावर ट्रक बंद पडला.

"चालायचंच, याची सवयच आहे," ड्रायव्हर लाडाने म्हणाला.

तासभर वाट पाहून दोर उलटा बांधला. करड्या गाडीने ट्रक ओढत भंगारखान्यापर्यंत नेला. कागदावर मात्र ट्रकने गाडी आणल्याची नोंद झाली, कारण कागदावर दुसरा रकानाच नव्हता.

भंगारखान्याच्या फाटकाशी तपासनिसांनी इंजिन बंद करायला किल्लीला हात घातला.

"थांब जरा," वडील म्हणाले. त्यांनी मान कलती केली, डोळे मिटले आणि घड्याळ कानाशी धरून ऐकावं तसं इंजिन ऐकलं. "एक ठोका चुकत नाही रे हिचा." मग म्हणाले, "तू रविवारी खाली बोलायचास ते खिडकीत ऐकू यायचं. मला वाटायचं, दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीबद्दल बोलतोयस."

तपासनिसांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सही झाली होती. त्यांनी किल्ली फिरवली.

महिन्याभरात नेहमीच्या कंपनीची गाडी आली. ती फाटकातच बंद पडली. एक्केचाळीस घरांतले लोक धावत आले आणि हसतखिदळत तिला ढकलत आत घेऊन गेले. "आता कसं, घरातली गाडी वाटते," सेक्रेटरी म्हणाले. तपासनिसांच्या पाठीवर इतक्या थापा पडल्या की त्यांना ठसका लागला. त्यांचा रेडिएटर परत चर्चेत आला आणि टाकी साफ करायचा दिवस त्यांना आठवडाभर आधी कळू लागला.

वडिलांचा पाय काही तिच्यात मावला नाही. त्यांची खुर्ची खिडकीशी ठेवली. शिष्य पहिले दोन आठवडे एकदोन घड्याळं घरी पाठवत राहिला, मग त्यालाही जमेना. भिंग खिडकीच्या कट्ट्यावर पडून आहे. वडील तक्रार करत नाहीत. साडेदहा वाजता तेवढे एकदा उठून उभे राहतात आणि परत बसतात.

परवाच्या रविवारी तळमजल्यावर नवीन राहायला आलेल्या शिक्षिका पार्किंगमध्ये उतरल्या. त्यांची गाडी जुनी, निळी, कुणी कधी न पाहिलेली. "काय म्हणते गाडी?" कुणीतरी विचारलं. "छान आहे, काहीच त्रास नाही," त्या हसून म्हणाल्या. शांतता पसरली. तपासनिसांना ती शांतता ओळखीची वाटली आणि ती आपल्यावर नाही हे कळून एकदम हलकंही वाटलं. वर खिडकीत वडील होते. तपासनिसांनी वर पाहिलं नाही. ते पुढे झाले, फाटकाजवळची वही खिळ्यावरून काढली, कोरं पान उघडलं आणि अगदी आपुलकीने म्हणाले, "कुठल्या कंपनीची म्हणायची ही?"

वाचकहो, त्या करड्या गाडीची कंपनी कोणती, हे तुम्हीही मघापासून मनात विचारताय. त्यात संकोच कसला? वहीचा पहिला रकाना तोच आहे. पेन दोरीला बांधलेलं आहे, आणि शेजाऱ्यांच्या मताचा रकाना अजून रिकामा आहे.